पाम्यु म्हणजे काय? : एका जपानी अल्बमच्या प्रकल्प नोंदी

रविवार, १ जून २०२५

सकाळच्या जपानीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारलं, "सेन्सेई, दोकिदोकि म्हणजे भीती की आनंद?" मी म्हटलं, दोन्ही. छाती धडधडते तेव्हा ती परीक्षेच्या निकालाने धडधडते की कोणी समोर आल्यामुळे, हे शब्द सांगत नाही. आपल्या 'धडधड'चंही तेच आहे. उदाहरणाला खरं वाक्य हवं होतं म्हणून घरी आल्यावर शोधत बसले, आणि एका कार्यक्रमाचं नाव हाती लागलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये टोकियोच्या बुदोकान सभागृहात झालेला हा गाण्यांचा कार्यक्रम. नाव: 'दोकिदोकि वाकुवाकु पाम्यु पाम्यु रेव्होल्यूशन लँड २०१२ इन किराकिरा बुदोकान'.

एका नावात तीन नादशब्द! दोकिदोकि म्हणजे धडधड आणि किराकिरा म्हणजे चमचम. वाकुवाकु म्हणजे पुढे काहीतरी छान घडणार म्हणून आत जे होतं ते. 'वाकु' म्हणजे झऱ्यासारखं आतून वर येणं. त्याच उच्चाराचं दुसरं क्रियापद आहे, ते पाणी उकळण्याचं. म्हणजे आपल्या मनात उकळ्या फुटतात तेच. आणि या तिघांच्या मधोमध 'पाम्यु पाम्यु'. तो शब्द कोणत्याच कोशात सापडला नाही.

गायिकेचं नाव क्यारी पाम्यु पाम्यु. तिचा पहिला पूर्ण अल्बम 'पाम्यु पाम्यु रेव्होल्यूशन' २३ मे २०१२ ला निघाला. इतकी वर्षं जपानी शिकवते आहे, पण हा अल्बम मी कधी ऐकला नव्हता. रात्री जेवण झाल्यावर कानाला हेडफोन लावून बाराही गाणी एका बैठकीत ऐकली. मग पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

प्रकल्प ठरला. ६ जुलैला परीक्षा आहे. ती झाल्यावर दोन आठवड्यांनी, २० जुलैला, वर्गातल्या अकरा जणांसाठी श्रवणसत्र घ्यायचं. पूर्ण अल्बम क्रमाने ऐकायचा आणि सोबत मराठीत पुस्तिका द्यायची. पानं सोळा.

बुधवार, ४ जून

पुस्तिकेच्या पहिल्या दोन पानांसाठी माहिती गोळा केली.

क्यारीचा जन्म २९ जानेवारी १९९३ चा, टोकियो महानगराच्या पश्चिमेकडचा. गाण्याआधी ती ओळखली जायची कपड्यांसाठी. हाराजुकु म्हणजे टोकियोतली तरुणांच्या फॅशनची वस्ती. तिथल्या फॅशनची मासिकं असतात, त्यांत व्यावसायिक मॉडेलबरोबर वाचक मुलींचेही फोटो येतात. अशा 'वाचक मॉडेल'ना जपानीत वेगळा शब्दच आहे, 'दोकुमो'. ती त्यांतली एक. परदेशी पेहरावाची ओढ, म्हणून 'क्यारी' हे नाव पडलं. 'पाम्यु पाम्यु' जोडलं ते निव्वळ ऐकायला गोड लागतं म्हणून. त्याला अर्थ नाही. जपानी लोकांनासुद्धा हे नाव न अडखळता म्हणायला अवघड जातं.

गाणी सगळी यासुताका नाकाता यांची. जन्म १९८०, कानाझावा. जवळजवळ सगळे शब्द त्यांचे, चाल त्यांची, वाद्यमेळही त्यांचाच. 'कॅप्सूल' हा त्यांचा स्वतःचा गट, आणि हिरोशिमाच्या तीन मुलींच्या 'परफ्यूम' गटाची गाणीही तेच करत आले. म्हणजे हा अल्बम एका माणसाने कामाच्या मेजावर बसून घडवलेला, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीने आपल्या आवाजाने जिवंत केलेला.

कालक्रम: 'पोनपोनपोन' हे गाणं जुलै २०११ मध्ये आलं. ऑगस्टमध्ये सहा गाण्यांचा छोटा अल्बम 'मोशिमोशि हाराजुकु'. मोशिमोशि म्हणजे फोनवरचं 'हॅलो', म्हणजे ती हाराजुकुला फोन लावते आहे. २०१२ च्या जानेवारीत 'त्सुकेमात्सुकेरु', एप्रिलमध्ये 'कँडी कँडी', आणि मे महिन्यात हा मोठा अल्बम. मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी होऊन जेमतेम चार महिने झाले होते तेव्हा 'पोनपोनपोन' आलं. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडणार नाही, तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण तारखा शेजारीशेजारी लिहिल्यावर मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत होते.

रविवार, ८ जून

सीडी आली. टोकियोहून सुट्टीवर आलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने वापरलेल्या सीडींच्या दुकानातून आणली. जपानी सीडीच्या कडेला कागदाची एक उभी पट्टी असते, तिला 'ओबी' म्हणतात. किमोनोच्या कमरेला बांधायच्या पट्ट्यालाही ओबीच म्हणतात. नाव, किंमत, गाण्यांची यादी सगळं त्या पट्टीवर असतं. बरेच लोक वेष्टण फाडताना ती फेकून देतात. या सीडीच्या आधीच्या मालकाने ती सांभाळून, एकही सुरकुती न पडू देता, आत सरकवून ठेवली होती. तेरा वर्षं. मीही ती तशीच परत आत सरकवली.

घरात सीडी लावायला काही नाही. वर्गाच्या जुन्या संगणकाला आहे, त्यावर चालते.

तिचं नाव लिहिताना हिरागाना, म्हणजे जपानीची उच्चारावर चालणारी लिपीच वापरली आहे, एकही कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षर नाही. 'हा' या अक्षराच्या डोक्यावर उजवीकडे इवलंसं गोल काढलं की 'पा' होतो. तिच्या नावात असे दोन गोल आहेत. आपल्या अनुस्वारापेक्षा थोडे मोठे, आतून पोकळ. फुगे असावेत तसे दिसतात.

शनिवार, १४ जून

सबंध आठवडा वाया गेला असं आज सकाळी वाटत होतं. 'पोनपोनपोन'चे शब्द मराठीत आणायला बसले होते. एकेक ओळ लिहायची, खोडायची. जे उरतं ते मराठीत अगदीच पोरकट वाटतं. अर्थ काढून ठेवला तर मुठीत चार दाणे राहतात. शेवटी वही मिटली.

मग दुपारी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, ते पोंपों लाव ना परत. काम पटापट होतं." ती कांदा चिरत होती आणि तिची सुरी बरोबर ठेक्यावर पडत होती. तिला जपानीचा एक शब्द येत नाही.

तिथे मला कळलं की मी चुकीच्या टोकाने धरलं होतं. या गाण्यात शब्द आधी नाद आहेत, मग अर्थ. पोरांना खेळवताना म्हणतो त्या बडबडगीतांचा अर्थ आपण कधी विचारतो का? पुस्तिकेत भाषांतर द्यायचंच नाही. त्याऐवजी प्रत्येक गाण्यातला किंवा गाण्याच्या नावातला एक नाद घ्यायचा, आणि मराठी कानाला तो कसा ऐकू येतो ते शोधायचं. मराठीकडे हा खजिना अमाप आहे. पाऊस भुरभुरतो, रिमझिमतो, टपटपतो, कोसळताना धो-धो. जपानीत धो-धो पावसाला 'झाऽझाऽ'. शब्दांचा हा प्रकार दोन्ही भाषांत नुसता सजावटीचा नाही, रोजच्या बोलण्यात तो कणा आहे.

लिहिलेली अकरा पानं बाजूला ठेवली. नवी वही काढली.

रविवार, १५ जून

आजची नोंद एकट्या 'पोन'ची.

पोन म्हणजे हलका, गोल, उडणारा आवाज. बाटलीचं बूच उडालं, पोन. पाठीवर कुणी हलकेच थाप मारली, पोन. त्सुझुमी हा हाताने वाजवायचा छोटा ढोल, त्याचा बोलही पोन. लहान मुलांच्या भाषेत पोट म्हणजे 'पोनपोन'. आणि 'पोन-गाशी' हा तिथला खाऊ. तांदूळ बंद भांड्यात दाब देऊन तापवायचे आणि झाकण एकदम उघडायचं, की मोठ्ठा 'पोन' होऊन फुललेले दाणे बाहेर पडतात. फुललेल्या तांदळाला आपण म्हणतो कुरमुरे. दोन्ही नावं आवाजावरून पडलेली! जपानी माणसाने दाणा जन्मतानाचा आवाज ऐकला, आपण तो दाताखाली येतानाचा. या एका जोडीसाठीसुद्धा हा प्रकल्प करावा, इतका आनंद मला आज झाला.

आता प्रश्न 'प'चा. या मुलीच्या सगळ्या कारभारात 'प' का एवढा? यामागे भाषेचा इतिहास आहे. खूप जुन्या जपानीत 'प' हा साधा रोजचा वर्ण होता. शतकांच्या ओघात ओठ सैल पडत गेले, 'प'चा 'फ' झाला, 'फ'चा 'ह'. फुलाला आज 'हाना' म्हणतात, ते एकेकाळी 'पाना' असावं असं अभ्यासक सांगतात. पण नादशब्दांनी जुना 'प' सोडला नाही. चकाकणं याला क्रियापद आहे 'हिकारु', आणि चकाकण्याचा नादशब्द आहे 'पिकापिका'. मूळ एकच. एकाने काळाबरोबर वेष बदलला, दुसरा तसाच राहिला. पोकेमॉनमधल्या पिकाचूतला 'पिका' तोच, विजेची लखलख. म्हणून जपानी कानाला शब्दाच्या सुरुवातीचा 'प' एकतर परदेशी वाटतो, नाहीतर बाळबोलीतला, खेळातला. क्यारीच्या नावात दोन्ही वास येतात.

मराठीत 'प' असा उपरा नाही. पाणी, पान, पाय, पोळी. त्यामुळे तो गोडवा आपल्याला आपोआप ऐकू येणार नाही, पुस्तिकेत समजावून द्यावा लागेल. आपल्याकडे तसं काम कोणता वर्ण करतो? मला वाटतं 'ब' आणि 'ळ'. बाळ, बोबडं, गुळगुळीत, बाळसं. यावर वर्गात विचारायचं.

गुरुवार, १९ जून

रात्रभर पाऊस. ढग गडगडत होते. जपानीत 'गोरोगोरो'. किती जवळचे शब्द आहेत हे, 'ग' तोच आणि मागचं लोळणं तेच.

'गोरोगोरो'ला धाकटा भाऊ आहे, 'कोरोकोरो'. मोठा धोंडा गडगडत येतो तो गोरोगोरो, छोटी गोटी घरंगळते ती कोरोकोरो. 'क'चा 'ग' केला की वस्तू जड होते. चांदणी 'किराकिरा' लुकलुकते, पण दुपारचं ऊन 'गिरागिरा' रणरणतं. दारावर बोटांनी 'तोनतोन', मुठीने 'दोनदोन'. केस 'सारासारा' सळसळतात, भिंतीचा गिलावा 'झाराझारा' खरखरतो. 'क', 'त', 'स' म्हणताना गळा थरथरत नाही, तो अघोष वर्ण हलका, स्वच्छ, लहान. 'ग', 'द', 'झ' म्हणताना थरथरतो, तो घोष वर्ण जड, मोठा, जरा राकट.

मराठीत शोधलं. नाणं खणखणतं, देवळातली मोठी घंटा घणघणते. ओढा खळखळतो, अश्रू घळघळा वाहतात. म्हणजे आपल्याकडेही हा नियम आहे. आपण तो कधी कुणाकडून शिकलो नाही, कानाने उचलला.

आता अल्बमचं पान उघडून बघा: पोन, पाम्यु, त्सुके, कँडी, क्यारी. नाकातांनी जवळजवळ सगळी महत्त्वाची अक्षरं हलक्या बाजूने घेतली आहेत. हा आनंद मुद्दाम रचलेला आहे, आणि तो अक्षरांपासून रचत आणलेला आहे. अपवाद दहाव्या गाण्याच्या नावाचा, 'गिरिगिरि सेफु'. गिरिगिरि म्हणजे काठावर, जेमतेम. 'सेफु' बेसबॉलमधून आलेला 'सेफ'. धावबाद होता होता वाचला, तो क्षण. तिथे 'ग' हवाच, कारण दात घट्ट आवळलेले असतात.

शनिवार, २१ जून

पालख्या पुण्यात मुक्कामी. रस्ते बंद, वर्ग नाही. अकरातले तीन जण वारकऱ्यांना चहा वाटायला गेले आहेत. मी घरात बसून अल्बम पुन्हा ऐकला, खिडकीतून लांबून टाळ ऐकू येत होते. नवीन काही लिहिलं नाही.

बुधवार, २५ जून

दुसऱ्या गाण्याचं नाव म्हणजे एक गंमत आहे. खोट्या पापण्यांना 'त्सुकेमात्सुगे'. त्याचं मुलींनी केलेलं लाडकं तोडकं रूप 'त्सुकेमा'. लावणं म्हणजे 'त्सुकेरु'. म्हणून 'त्सुकेमा त्सुकेरु', पापण्या लावते. सलग म्हटलं की मूळ शब्दासारखंच वाटतं, शेवटी 'गे'चा 'केरु' झालेला. सहा अक्षरांचं नाव, त्यात 'त्सुके' दोनदा.

विद्यार्थ्यांना 'त्सु' जमत नाही. कोणी 'सु' म्हणतं, कोणी 'तसु'. आज मला अचानक सुचलं आणि मी फळ्यावर लिहिलं: चहा, चूक. दोन्ही 'च' आपण वेगळे म्हणतो. चहातला टाळूचा, चूकमधला दातांचा. हा चुकीतला 'चू' म्हणजेच जपानी 'त्सु'! मराठी माणसाच्या तोंडात तो जन्मापासून आहे. आपण लिहिताना दोन्हीला एकच अक्षर वापरतो म्हणून आपल्याला तो असल्याचं लक्षात येत नाही. चुना, चुलत, चूल, सगळीकडे आहे. सगळा वर्ग एका सुरात 'चूल, चूक, चुकेमाचुकेरु' म्हणाला आणि पहिल्याच फटक्यात बरोबर आलं. 'ज'चंही तसंच. 'जरा'मधला दातांचा, 'जीव'मधला टाळूचा. हाराजुकुतला 'ज' जिवाचा.

वीस वर्षांत हे मी असं कधी शिकवलं नव्हतं. एका पापण्यांच्या गाण्याने शिकवलं.

या गाण्यात एक जागा अशी आहे की तिथे मी दर वेळी थांबते. आकाश तेच असतं, ते कसं दिसेल हे मनाचा कोन ठरवतो, अशा अर्थाची. पापणी लावली की डोळ्यांसमोरची कमान बदलते, म्हणजे कोन बदलला. इतक्या खेळकर गाण्यात इतकी शहाणी गोष्ट, आणि ती सांगताना सूर जराही गंभीर होत नाही. पुस्तिकेत हे एवढंच भाषांतर ठेवणार.

शनिवार, २८ जून

भाची आली आहे, वय सात. तिच्याबरोबर टाळ्यांचा प्रयोग केला.

जपानी कान शब्द मोजतो तो मात्रांनी. 'क्या' एक, 'री'मधला दीर्घ सूर धरून दोन, 'पा' एक, 'म्यु' एक, पुन्हा 'पा', 'म्यु'. एकूण सात. 'पोन'मध्ये 'न'ला स्वतःची टाळी मिळते, म्हणून 'पोनपोनपोन' सहा. भाचीने आधी तीनच टाळ्या वाजवल्या. मी सहा वाजवल्या तर म्हणाली, "मावशी, तू मध्ये उगाच वाजवतेस." मग मी तिला सांगितलं, 'पो' म्हणताना एक, नाक वाजतं तेव्हा दुसरी. तिने नाकावर बोट ठेवून म्हणून बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले. नाक खरंच थरथरतं! त्यानंतर तासभर घरात सगळ्यांची नाकं तपासून झाली.

आपल्या छंदःशास्त्रात हे आधीच आहे. पुढे हलन्त व्यंजन आलं की अक्षर गुरू, दोन मात्रा. 'पोन्' म्हणजे गुरू. हिशेब तंतोतंत जुळतो.

एकच अडचण होती 'पाम्यु'ची. 'म्यु' हे जोडाक्षर, मग नियमाने आधीचं अक्षर जड व्हायला हवं, आणि जपानीत ते होत नाही. पण मराठीत तरी नेहमी कुठे होतं? 'पुण्य मिळवलं' म्हणताना 'पु'वर आघात येतो, 'पुण्याला गेलो' म्हणताना येत नाही. पाम्यूतला 'पा' हा पुण्याला जाणारा. त्यावर जोर दिला की नाव बिघडतं. हे पान मी भाचीच्या नाकाच्या चित्रासह छापणार आहे, चित्र तिचंच.

नाव देवनागरीत 'पम्यु' लिहायचं की 'पाम्यु', यावर दोन दिवस घातले. जपानी 'अ' लांबीने आपल्या 'अ'सारखा आणि तोंड उघडण्याने 'आ'सारखा. 'पाम्यु' ठेवलं, आणि खाली टीप: 'पा' लवकर सोडा.

रविवार, ६ जुलै

परीक्षा आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी. निम्मे विद्यार्थी उपासाचे. केंद्राबाहेर साबुदाण्याची खिचडी घेऊन उभी होते. श्रवणाचा पेपर बरा गेला म्हणाले सगळे. एकीने सांगितलं की आत जाताना दोकिदोकि होत होतं आणि बाहेर येताना पेकोपेको. पेकोपेको म्हणजे पोटात कावळे ओरडणं. तिने तो शब्द बिनचूक वापरला, याचा मला तिच्या गुणांपेक्षा जास्त आनंद झाला.

शुक्रवार, ११ जुलै

पुस्तिका छापायला दिली होती. पंधरा प्रती आल्या आणि सगळ्या प्रतींत 'म्यु' मोडलेला. 'म'चा पाय मोडून 'यु' वेगळा लटकत होता, सोळा पानांत एकेचाळीस ठिकाणी. दुकानात जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बदलून घेतात, त्यात जोडाक्षर निखळलं. नावच नीट नसेल तर पुस्तिका वाटणार कशी? पुन्हा छापायचे पैसे गेले. या वेळी मजकूर न देता थेट पीडीएफ दिली, आणि पहिली प्रत हातात घेऊन, बोट ठेवून एकेक 'म्यु' तपासला. सगळे शाबूत.

रविवार, १३ जुलै

सत्राचा क्रम ठरवण्यासाठी अल्बम सलग, वहीत लिहीत ऐकला.

पहिला ट्रॅक छोटा, दार उघडण्यापुरता. मग लगेच 'त्सुकेमात्सुकेरु' आणि 'पोनपोनपोन' पाठोपाठ. सगळ्यात मोठी दोन गाणी सुरुवातीलाच खर्चून टाकली आहेत, हे धाडसाचं वाटतं. 'क्यारी आनान' हे नोकऱ्यांच्या जाहिरातीसाठी केलेलं. झगझगीत आहे, पण मला ते आतून रिकामं वाटतं, कितीही वेळा ऐकलं तरी. 'कँडी कँडी'ही जाहिरातीचंच, पण त्याची चाल अशी की साखर विरघळल्यासारखी जिभेवर राहते.

आठवं गाणं 'ओनेदारि ४४ अंश'. 'ओनेदारि' म्हणजे मुलाने आईच्या पदराला लटकून काहीतरी मागणं. मराठीत याला नेमका शब्द आहे, लाडीगोडी. ४४ अंश का, हा माझा अंदाज: ताप मोजायच्या जुन्या काचेच्या नळीत पारा ४२ वर थांबतो. म्हणजे हा हट्ट मोजपट्टीच्या बाहेर गेलेला. विदर्भातून आलेला आमचा विद्यार्थी ४४ ऐकून मे महिनाच म्हणेल. त्यालाही जागा आहे.

नववं, 'सुकिसुगिते किरेसोऽ'. इतकं आवडतं की आता काहीतरी तुटणार. 'किरेरु' म्हणजे तुटणं, आणि डोकं फिरणंही.

अकरावं 'ओयासुमि', म्हणजे शुभ रात्री. इथे अल्बम पहिल्यांदा हळू होतो. दहा गाणी धावून आलेल्या मुलीला झोप येते आहे. मला वाटलं होतं, संपलं. पण त्यानंतर बारावं येतं, 'चानचाका चानचान', निव्वळ नाद. झोपवलेलं पोर पांघरुणातून पुन्हा डोकं बाहेर काढतं ना, तसं.

'पोनपोनपोन'ची चित्रफीत दाखवायची की नाही, यावर विचार केला. तिची सजावट सेबास्टियन मासुदा यांची. १९९५ पासून हाराजुकुत त्यांचं '६ टक्के दोकिदोकि' नावाचं दुकान आहे. दुकानाच्या नावातही नादशब्द! चित्रफितीत गुलाबी खोलीभर खेळणी, आणि त्यांच्यामध्येच डोळ्यांची बुबुळं आणि कवटीही. गोड आणि भीतिदायक एकाच फडताळात. ते महत्त्वाचं आहे, कारण या गाण्यांचा आनंद भाबडा नाही. त्याने कवटी पाहिलेली आहे, आणि तिच्या शेजारी खेळणं मांडून ठेवलं आहे. तरी ठरवलं, आधी फक्त कान. चित्रफीत शेवटी.

एक जागा अजून रिकामी आहे. जपानीत शांततेलाही नादशब्द आहे, 'शीऽन'. कोणी बोलत नाही तेव्हा जे ऐकू येतं ते. चित्रकथांच्या पानावर रिकाम्या खोलीत हा शब्द काढलेला असतो. मराठीत मी 'चिडीचूप' लिहिलं होतं, पण ते माणसांनी गप्प बसणं झालं. 'शीऽन' खोलीचं असतं. पानावर कंस रिकामा ठेवून छापलं आहे.

रविवार, २० जुलै

सत्र झालं. अकरापैकी नऊ आले, शिवाय आई आणि भाची. सतरंजीवर गोल बसलो. जुन्या संगणकाला वर्गातले दोन स्पीकर जोडले, ओबी मधोमध ठेवली, प्रत्येकाने हातात घेऊन पाहिली.

'पोनपोनपोन'ला कुरमुरे वाटले. आधी डोळे मिटून आवाज ऐकायचा, मग खायचा. एकाने विचारलं की लाह्यांना काय म्हणायचं, तर तिघे एकदम म्हणाले, तडतड. 'त्सु' सगळ्यांना आला. सात टाळ्यांत भाची सगळ्यांत पक्की निघाली, तिने दोन मोठ्या मुलांना नाक तपासायला लावलं. 'प'सारखं आपल्याकडे काय, यावर खूप वेळ बोलणं झालं. कोल्हापूरची विद्यार्थिनी म्हणाली 'ल', कारण तिच्याकडे लाडाने सगळं 'लेकरू, लाडू, लबाड'. 'ळ'च्या बाजूचे चौघे. निकाल लागला नाही.

'ओयासुमि' सुरू झालं तेव्हा मी कुणाला काही सांगितलं नाही. बोलणं आपोआप खाली आलं. भाची आईच्या मांडीवर आडवी झाली. मग बारावं वाजलं, ती उठून बसली, सगळे हसले.

आणि अल्बम संपला. सीडी संगणकात घरघरत थांबली. पाऊस मघाशीच थांबला होता. कोणीच काही बोललं नाही, रस्त्यावरून गाडी गेली नाही. नऊ जण पुस्तिकेच्या पंधराव्या पानाकडे, त्या रिकाम्या कंसाकडे बघत होते, आणि एकाने हळूच बोटाने दाखवलं: शीऽन.

आई खिडकीजवळ होती. बाहेर बघत म्हणाली, "अगंबाई, काय शुकशुकाट आहे."

मी पेन्सिल घेतली.

सोमवार, २१ जुलै

दुसऱ्या छपाईसाठी दुरुस्त्या: पान १५, कंसात 'शुकशुकाट'. पान ६, 'ळ'बरोबर 'ल'ही. पान ९, लाह्या. चित्रफीत दाखवायची राहिली, पुढच्या रविवारी. ओबी पुन्हा सीडीत सरकवली.